कॅमेऱ्याची मान

ऑक्टोबर लागला की आमच्या गावात पानं गळायच्या आधी ती उडवणारी यंत्रं सुरू होतात. पाठीला इंजिन बांधलेली माणसं सकाळपासून घरघर करत फिरतात, अंगणातली पानं लोटत लोटत रस्त्याच्या कडेला नेतात आणि दुपारचा वारा त्यातली निम्मी पुन्हा अंगणात आणून टाकतो. इतकी वर्षं मी हा प्रकार गंमत म्हणून बघत आले. यंदा खिडकीशी उभी राहिले तेव्हा माझं सगळं लक्ष त्या माणसांच्या पाठींकडे गेलं. माझीही पाठ दुखत होती. एका ईमेलात उरकल्या असत्या अशा मीटिंगा दिवसभर ऐकून संध्याकाळी माझी अशी अवस्था होती की चहा करावा की नुसतं पाणी प्यावं, एवढाही निर्णय होत नव्हता.

त्याच दिवशी घरातलं हीटिंग पहिल्यांदा सुरू केलं. उन्हाळाभर जाळ्यांमागे साठलेली धूळ जळाली आणि तिचा वास घरभर पसरला. या वासाला मराठीत नाव नाही आणि या ऋतूलाही नाही. शरद म्हणावं, तर तो चांदण्याचा आणि कोजागरीच्या दुधाचा. इथला हा आपला फॉल. जळक्या धुळीचा हा वास आला की मला गावाच्या टीव्ही स्टेशनातले जुने दिवे आठवतात. तेही तापले की असाच वास यायचा. मग सुलभाकाकू आठवतात, आणि त्यांचा माझा तो एक फॉल.

स्टेशन म्हटल्यावर कोणी भलती कल्पना करू नये. पिस्कॅटवेच्या शेजारच्या आमच्या छोट्याशा गावाच्या टाउन हॉलचं तळघर, त्यात एक काळा पडदा, दोन कॅमेरे, छताला दिवे आणि एक प्लास्टिकचं झाड. केबलवर गावासाठी एक चॅनल राखून ठेवलेलं असतं. त्यावर कौन्सिलच्या सभा दिसतात, शाळेचा बँड दिसतो, आणि गावातल्या कोणालाही आपला कार्यक्रम करून तिथे लावता येतो. कोणी मासेमारीवर बोलतं, कोणी बायबलवर. झाड सगळ्यांना तेच. बघणारे किती, हे मात्र विचारायचं नाही.

मी तिथे गेले ती निव्वळ कंटाळ्यापोटी. नवऱ्याच्या नोकरीमागून पुण्याहून आले तेव्हा माझा व्हिसा डिपेंडंट होता. त्या व्हिसावर पगार घ्यायला बंदी, फुकट राबायला नाही. पुण्यात चांगली नोकरी केलेली बाई मी, आणि इथे भर दुपारी सोफ्यावर बसून शेजाऱ्यांच्या गॅरेजचं दार उघडलं की मिटलं ते आवाजावरून ओळखायचे. आज कामाने दमते, तेव्हा काम नसल्याने दमायचे, आणि खरं सांगायचं तर तो थकवा जास्त वाईट होता. तो झोपून जात नसे. लायब्ररीच्या फळ्यावर 'व्हॉलंटियर हवेत, अनुभवाची गरज नाही' अशी चिठ्ठी दिसली आणि मी फोन केला.

ग्लोरियाने मला दोन नंबरच्या कॅमेऱ्यामागे उभं केलं. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई कंट्रोल रूममध्ये बसून कार्यक्रमांचं डिरेक्शन करायची, तीही फुकटच. एक नंबरचा कॅमेरा एका जागी घट्ट बसवलेला, त्यात सगळा सेट दिसायचा. दोन नंबर माणसाच्या चेहऱ्यासाठी; तो माझा. कानांवर हेडफोन, त्यात ग्लोरियाचा आवाज. आपण मात्र बोलायचं नाही, कारण समोर माइक चालू असतो. ग्लोरियाने काही विचारलं तर उत्तर द्यायची पद्धत ठरलेली होती. हो म्हणायचं असेल तर कॅमेऱ्याचं तोंड हळूच वर-खाली करायचं, नाही म्हणायचं असेल तर डावी-उजवीकडे. म्हणजे कॅमेऱ्याने मान हलवायची. ग्लोरियाला तिच्या स्क्रीनवर चित्र हललेलं दिसायचं आणि उत्तर मिळायचं. अर्थात हे सगळं आपलं चित्र बाहेर जात नसताना. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला असेल तर मान ताठ. पहिल्याच आठवड्यात मी लाल दिव्यात मान हलवली आणि आमच्या गावाचे फायर चीफ भाषण देता देता झोके घेताना सगळ्यांना दिसले.

महिन्यातून एकदा सुलभाकाकूंचा मराठी कार्यक्रम असायचा. काकू मूळच्या नागपूरच्या, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान वसंतकाका इंजिनिअर, तेही निवृत्त. अर्धा तास काकू एकट्या कॅमेऱ्याकडे बघून बोलायच्या. मुलांच्या शाळेत झालेल्या फजित्या, उन्हात वाळवलेले पापड पळवणाऱ्या खारी, कोणाकडे जमलेलं लोणचं, मध्येच पुढाऱ्यांना दोन टोले. टेबलावर आपल्या जुन्या पैठणीचा तुकडा अंथरायच्या आणि प्लास्टिकच्या झाडाला "तू जरा बाजूला हो बाबा" म्हणून सरकवायच्या. ग्लोरियाला मराठीचं अक्षर कळत नसे. काकूंचं वाक्य संपलं की अजून चालू आहे, हे तिला कळणार कसं? मी यायच्या आधी ती काकूंच्या बांगड्यांवर नजर ठेवून अंदाज बांधायची. मी आल्यावर ती हेडफोनमध्ये विचारायची, संपत आलं का, आणि दोन नंबरचा कॅमेरा मान हलवायचा. बोलण्याच्या भरात काकूंनी ती मान कधी पाहिलीच नव्हती.

दिवाळीच्या भागाला त्या आमच्यासाठी चिवडा आणायच्या. हेडफोन लावून चिवडा खाल्ला की डोक्यात दगडफोड चालल्यासारखं वाटतं. तरी आम्ही खायचो. ग्लोरिया तर त्यातले दाणे वेचून शेवटासाठी राखून ठेवायची.

मग एका उन्हाळ्यात काकूंना स्ट्रोक आला. हात-पाय वाचले, बोलणं गेलं. समजायचं सगळं, डोळ्यांत उत्तर तयार दिसायचं, पण शब्द तोंडापर्यंत पोचायचा नाही. पोचला तर तो बरोबर आहे की भलताच, याची त्यांनाच खात्री नसायची. थेरपिस्ट चित्रांची कार्डं दाखवून त्यांचे इंग्रजी शब्द परत आणत होती. मराठी शब्दांना घरात काका होते, पण काकांना धीर नव्हता. काकूंनी "मला ते..." म्हणायचा अवकाश, काका पाणी, चष्मा, गोळी, रिमोट अशी सगळी नावं पुढे करायचे. प्रेमानेच. काकू मग हात झटकून गप्प बसायच्या. मी डबा घेऊन जायचे तेव्हा हे बघायचे आणि काकांच्या जोडीला मीही शब्द पुरवायचे. समोरचं माणूस एका शब्दासाठी धडपडत असताना नुसतं बसून राहणं फार दमवणारं असतं.

स्टेशनचा एक नियम होता. हंगामात एकही नवा भाग दिला नाही तर तुमची वेळ दुसऱ्याला जायची, आणि फॉलचा हंगाम दिवाळीबरोबर संपायचा. योगासनं शिकवणारे कोणी त्या वेळेवर टपून बसलेच होते. काकूंना हा नियम पाठ होता. सप्टेंबरच्या शेवटी मी गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, "दिवाळी. मी. करणार."

काका मला गाडीपर्यंत सोडायला आले. ड्राइव्हवेवर पानांचा खच पडला होता, काकूंच्या आजारपणात तो उचलायला कोणाला सुचलंच नव्हतं. पायाने पानं बाजूला सारत काका म्हणाले, "मुक्ता, तू तिला सांग ना, स्टुडिओ अव्हेलेबल नाही म्हणून. लोकांना ती बोलणारी आठवते. तशीच राहू दे यार." एरवी मला टॅक्सपासून टायरपर्यंत सगळ्याची शिकवणी देणारे काका. त्यांच्या तोंडून 'यार' मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. पण काकूंच्या डोळ्यांत बघून खोटं बोलण्याचं बळ माझ्यात नव्हतं. मी म्हटलं, काका, सांगायचं तर तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं नाही.

रेकॉर्डिंगच्या दुपारी काकू स्टुडिओत आल्या, पैठणी अंथरली, तळहाताने तिची सुरकुती मोडली. झाडाला काही बोलल्या नाहीत, नुसतं सरकवलं. काका काळ्या पडद्याजवळच्या खुर्चीत बसले. दिवे तापले, धुळीचा वास सुटला. काकूंनी घोटून ठेवलेली पहिली तीन-चार वाक्यं नीट आली. विषय होता त्यांची या देशातली पहिली दिवाळी. मग त्या म्हणाल्या, "चकली. चकलीला ते..." आणि थांबल्या. दोन्ही हातांनी दाबल्याची खूण केली. "ते..." पुन्हा खूण. शब्द आला नाही.

तापलेल्या दिव्यांची बारीक गुणगुण ऐकू येत होती, एवढी शांतता. कोपऱ्यात काका खुर्चीतून अर्धे उठले होते, ओठांवर शब्द तयार. ग्लोरियाने घाईने एक नंबरचं चित्र लावलं, माझा लाल दिवा विझला. हेडफोनमध्ये तिने विचारलं, येईल का तिला, थांबू का मी? मला काय ठाऊक? पण नाही म्हणायला माझा हात धजावला नाही. मी कॅमेरा सावकाश वर-खाली केला.

काकू माझ्या लेन्सकडेच बघत होत्या. कॅमेऱ्याने आपल्याला होकार दिलेला त्यांनी पाहिला. तो ग्लोरियासाठी होता हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "हो ना?" त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. मी पुन्हा मान हलवली, आणि ही मात्र त्यांच्यासाठी होती.

"सोऱ्या," काकू म्हणाल्या. "सोऱ्या नव्हता."

काका खाली बसले.

मग केकवर नक्षी काढायच्या पिशवीतून पाडलेल्या आणि तेलात विरघळून गेलेल्या त्या चकल्यांची गोष्ट काकूंनी सांगितली. पाच मिनिटांची गोष्ट पंधरा मिनिटं चालली. त्या अडकल्या की ग्लोरिया एक नंबरवर जायची, माझा दिवा विझायचा, मी मान हलवायचे, काकू पुढे सरकायच्या, दिवा पुन्हा लागायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं. एकदा तेलाला त्या साबण म्हणाल्या, मी कॅमेरा डावी-उजवीकडे केला, तर खुदकन हसल्या आणि पुन्हा शोधायला लागल्या. एक-दोनदा माझी वेळ चुकली आणि लाल दिव्यातच मान हलली. ग्लोरिया मला रागावली नाही. कॅमेऱ्याला बोलता येत नाही हा त्याचा केवढा मोठा गुण आहे, हे मला त्या दुपारी कळलं. त्याला शब्द सुचवता येत नाही, म्हणून तो थांबतो. मी स्वतःच्या तोंडाने तिथे असते तर पहिल्या 'ते'लाच सोऱ्या म्हणून मोकळी झाले असते.

बाहेर आले तेव्हा मान, खांदे, मनगटं भरून आली होती. पार्किंग लॉटमध्ये पिवळ्या पानांचा चिखल झाला होता, त्यात उभी राहून मी थोडी रडले. बरं वाटलं म्हणून रडले आणि दमले होते म्हणूनही.

रेकॉर्डिंगची प्रत काकांनी घरी नेली आणि दोन दिवस लॅपटॉपपुढे बसून मधल्या सगळ्या शांतता कापून टाकल्या. इंजिनिअरचं काम, सफाईत बोट ठेवायला जागा नाही. अर्ध्या तासाची जेमतेम दहा-बारा मिनिटं उरली, पण त्यात काकू पूर्वीसारख्या घडाघडा बोलत होत्या. बघायला मलाही बोलावलं होतं. काका स्क्रीनकडे न बघता काकूंच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं. मग स्क्रीनवरच्या बाईकडे बोट करून शांतपणे विचारलं, "ही कोण?"

काकांनी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी ग्लोरियाला त्यांनी स्वतःच कळवलं की मूळचंच लावा. स्टेशनला कोणाचा कार्यक्रम कापायचा अधिकार नसतो, गावकरी देईल ते जसंच्या तसं लागतं. तशी ती दिवाळी लागली, सगळ्या शांततांसकट आणि माझ्या हललेल्या चित्रांसकट. कोणा मावशींनी काकांना फोन केला, आमच्या टीव्हीचा आवाज मधूनमधून जातोय, तुमच्याकडेही तसंच का? मी तिथेच होते. काका म्हणाले, "नाही हो, ती शब्द शोधतेय. थांबायचं जरा." आणि मग, स्वतःलाच सांगितल्यासारखं, पुन्हा म्हणाले, "थांबायचं."

वेळ काकूंचीच राहिली. पुढच्या प्रत्येक हंगामात एक तरी भाग झाला. शब्द काही फार वाढले नाहीत, पण आमचं तिघींचं गणित बसलं.

आता माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नोकरी आहे, पाठदुखी आहे. ग्लोरिया मुलीकडे फ्लोरिडाला गेली. मी मात्र अजून महिन्यातून दोनदा तळघरात जाते. का जाते, हे अलीकडे मला सांगता येत नाही. लेक विचारते, ममा, नोबडी वॉचेस दॅट चॅनल, सो व्हाय? ते तिला इंग्रजीत समजावून सांगण्याइतका उत्साह माझ्यात उरलेला नसतो. गेल्या वर्षी तिथले जुने दिवे काढून नवे थंड दिवे लावले. त्यांना धुळीचा वास येत नाही, त्यांच्याखाली बसलं की उलट थंडी वाजते. आणि या उन्हाळ्यात कॅमेरे बदलले. नवे कॅमेरे भिंतीवर टांगलेले आहेत, कंट्रोल रूममधून एका माणसाने जॉयस्टिकने फिरवायचे. दोन्ही कॅमेरे चालवायला आता एकटी मी पुरते. कॅमेऱ्यामागे उभं राहायचं कामच संपलं, कारण कॅमेऱ्यामागे आता भिंत आहे.

काकूंना ते दाखवायला नेलं होतं. त्यांची ऐंशी उलटली आहे, काठी घेऊन चालतात. त्यांनी त्या दोन काळ्या गोळ्यांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याची तिपाई जिथे उभी असायची त्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. "भिंतीशी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मी थांबले, काका थांबले. "भिंतीशी काय बोलू?" यंदा नको, असं ठरल्यासारखं झालं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. एक शनिवार मोकळा झाला, एवढंच माझ्या मनात आलं.

मग ते हीटिंग लावलं, तो वास आला, आणि त्याच आठवड्यात काकांचा फोन. स्टुडिओ मिळत नाही म्हणून सांग म्हणणारे हेच काका. म्हणाले, "ती पैठणीला इस्त्री करत बसलीये. तू येतेस ना?" मी नाही म्हणायच्या तयारीत होते. वाक्यही जुळवलं होतं, कामाचं कारण खरंच होतं. काकांनी पलीकडे नुसती वाट पाहिली. इतक्या वर्षांत ते थांबायला फारच छान शिकले आहेत. मी येते म्हटलं.

गेल्या शनिवारी काकू सेटवर एकट्या बसल्या होत्या. मी भिंतीपलीकडे, कंट्रोल रूममध्ये, समोर दोन स्क्रीन आणि हातात जॉयस्टिक. "नमस्कार मंडळी" झालं. दिवाळी म्हणाल्या. मग अडकल्या. स्क्रीनवर त्यांचा चेहरा मला खूप जवळून दिसत होता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, त्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांचा हात पदरावरच्या माइककडे गेला, काढून ठेवायला. दुसऱ्या स्क्रीनवर कोपऱ्यात काका दिसत होते. गुडघ्यांवर हात, ओठ घट्ट मिटलेले, एक शब्द पुढे करत नव्हते. माझ्यापुढे एक बटण आहे, ते दाबलं की माझा आवाज स्टुडिओत ऐकू जातो. काकूंना कोणता शब्द हवा होता तो माझ्या जिभेवर आला होता आणि बोट बटणावर होतं.

मी बोट उचललं. एक नंबरचं चित्र लावलं आणि जॉयस्टिक हळूच वर-खाली केली. हे नवे कॅमेरे कौन्सिलच्या सभांसाठी घेतलेले, त्यांना घाई कशी ती ठाऊक नाही. भिंतीवरचा तो काळा गोळा कुरकुरत वर गेला, थोडा थबकला आणि रमतगमत खाली आला.

काकूंना त्याची कुरकुर ऐकू आली असावी. त्यांनी वर पाहिलं. ती मान वर जाऊन खाली येईपर्यंत पूर्ण बघितली. माइकवरचा हात मांडीवर आला. आणि मग भिंतीकडे बघत, कुठेही न अडखळता, एका दमात त्या म्हणाल्या, "अगं मुक्ता, मान आखडली का तुझी?"

काका मोठ्याने हसले. ते हसणं आणि ते वाक्य कार्यक्रमात तसंच राहणार आहे, कापायचा अधिकार कोणालाच नाही. मी पुन्हा एकदा जॉयस्टिक वर-खाली केली. मान सकाळपासून आखडलेलीच होती.